वऱ्हाडाने मागून घेतलेले विद्यापीठ

पदव्युत्तर विज्ञानशिक्षण आणि देशाचा विकास, असा विषय निघाला की बोलणारे बहुधा मुंबई, बंगळुरू, खरगपूर इथून सुरुवात करतात. मी अकोल्यापासून करणार आहे. वरच्या दर्जाचे विज्ञान आपल्या भागात शिकवले जावे, आपल्या मातीवर संशोधन व्हावे, एवढ्या एका मागणीसाठी साधी माणसे रस्त्यावर उतरली आणि पोलिसांच्या गोळीबारात त्यांतल्या काहींचे प्राण गेले, असे देशात फार थोड्या ठिकाणी घडले असेल. अकोल्यात ते १९६७ साली घडले. कृषी विद्यापीठ वऱ्हाडात हवे, ही ती मागणी होती.

मी विज्ञानाचा विद्यार्थी नाही. बी. ए. झालो, कविता लिहितो. मग या विषयावर मी का बोलावे, असे कोणी विचारील. पण हा इतिहास पाहताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. आपल्याकडे विज्ञानाची मोठी विद्यालये ज्यांनी उभी केली, त्यांच्यातले कितीतरी जण विज्ञानाचे नव्हतेच. ते कोण होते आणि त्यांना विज्ञान कशासाठी हवे होते, हे सांगायला शास्त्रज्ञच पाहिजे असे नाही.

आधी थोडे मागे जाऊ. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला. इंग्रजांना इथली काळी जमीन हवी होती ती कापसासाठी. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांना मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी भाव आला. १८६७ पर्यंत मुंबईहून नागपूरला रेल्वे पोहोचली. १८७० साली व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आले आणि त्यांनी तिथल्या रेल्वेच्या फाट्याचे उद्घाटन केले. 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' ही म्हण आजही आपण सांगतो. सोने होते हे खरे. पण ते पिकवायचे आपण आणि त्याची पारख करायची दुसऱ्याने, अशी ती वाटणी होती. कापसाचा धागा लांब की आखूड, कोणते वाण चांगले, भाव किती, हे सगळे ठरवण्याचे ज्ञान इथल्या शेतकऱ्याच्या हाती नव्हते.

यातला एक योगायोग मोठा बोलका आहे. त्याच युद्धाच्या धामधुमीत, १८६२ साली, अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी एका कायद्यावर सही केली. प्रत्येक राज्याला सरकारी जमीन द्यायची, ती विकून येणाऱ्या पैशातून शेती आणि यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालये काढायची, असा तो कायदा. त्यातून तिथली कृषी विद्यापीठे उभी राहिली. म्हणजे ज्या युद्धाने वऱ्हाडला कापसाचा भाव दिला, त्याच युद्धाच्या काळात अमेरिकेने आपल्या शेतकऱ्याच्या पोरासाठी विद्यापीठाची पायाभरणी केली. आपल्याला भाव मिळाला. तो युद्ध संपताच उतरला. त्यांना विद्यापीठे मिळाली; ती अजून उभी आहेत. आणि हाच नमुना सुमारे शंभर वर्षांनी, १९६० साली, पंतनगरच्या रूपाने भारतात आला.

दरम्यान वऱ्हाडातल्या मुलाला विज्ञान शिकायचे तर काय करावे लागे? १९०६ साली नागपूरला कृषी महाविद्यालय सुरू झाले. अमरावतीचे किंग एडवर्ड कॉलेज, म्हणजे नंतरचे विदर्भ महाविद्यालय, १९२३ साली निघाले. नागपूर विद्यापीठही त्याच वर्षीचे. त्यापूर्वी नागपूरच्या कॉलेजांच्या परीक्षा आधी कलकत्ता आणि मग अलाहाबाद विद्यापीठाच्या असत. पुढे नागपूरचे एक धनवान गृहस्थ रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी आपल्या संपत्तीतून लाखो रुपये विद्यापीठाला दिले, ते उद्योगाला उपयोगी पडेल अशा रसायनविद्येच्या शिक्षणासाठी. त्यातून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था सुरू झाली. खाणींवर पैसा कमावलेल्या माणसाने तो तेल आणि रसायनांच्या अभ्यासाला लावला, ही आपल्या विदर्भातली गोष्ट आहे आणि ती मुलांना सांगण्यासारखी आहे.

आता ज्यांच्या नावाने अकोल्याचे विद्यापीठ आहे त्या डॉ. पंजाबराव देशमुखांकडे येऊ. भाऊसाहेबांचा जन्म १८९८ सालचा, अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावचा. शेतकऱ्याचा मुलगा विलायतेला गेला, बॅरिस्टर झाला, डॉक्टरेट घेऊन परत आला. पण डॉक्टरेट कशात? वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास, हा त्यांचा विषय होता. कृषी विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे त्यांचे स्वतःचे पदव्युत्तर शिक्षण संस्कृतातले! परत आल्यावर त्यांनी १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या चळवळीत पुढाकार घेतला. सर्व जातींच्या मुलांना एकत्र राहता यावे म्हणून श्रद्धानंद छात्रालय काढले. १९३२ च्या सुमारास श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापन केली. स्वातंत्र्यानंतर घटना समितीत बसले आणि १९५२ पासून दहा वर्षे केंद्रात शेतीचे खाते सांभाळले. दिल्लीला १९५९-६० साली जागतिक कृषी प्रदर्शन भरवले ते त्यांनीच.

या क्रमाकडे नीट पाहावे. आधी मंदिराचे दार, मग वसतिगृह, मग शाळा-कॉलेजे आणि त्यानंतर शेतीचे विज्ञान. खालच्या वर्गात ज्याला बसू दिले नाही तो वरच्या वर्गात कसा पोहोचणार, हे त्यांना ठाऊक होते. पदव्युत्तर शिक्षणाचा विचार करताना हे आपण अनेकदा विसरतो. एम. एस्सी.ला कोण येतो हे त्या मुलाच्या पहिलीच्या वर्गात ठरलेले असते.

भाऊसाहेबांसारखीच गोष्ट देशपातळीवर मौलाना आझादांची. आपल्या देशाचे पहिले शिक्षणमंत्री. अरबी-फारसीत वाढलेले, घरीच जुन्या पद्धतीने शिकलेले. विद्यापीठाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. पण १९५१ साली खरगपूरच्या पहिल्या तंत्रज्ञान संस्थेचे औपचारिक उद्घाटन त्यांच्या हातून झाले आणि विद्यापीठ अनुदान आयोग त्यांच्याच कारकिर्दीत उभा राहिला. त्यानंतर १९६४ साली मुंबईचे न्यायमूर्ती एम. सी. छगला शिक्षणमंत्री असताना कोठारी आयोग नेमला गेला. अध्यक्ष दौलतसिंह कोठारी भौतिकशास्त्रज्ञ होते. १९६६ साली आलेल्या त्यांच्या अहवालाच्या नावातच शिक्षण आणि राष्ट्रीय विकास यांची जोडी होती. पदव्युत्तर शिक्षण आणि संशोधन यांचा दर्जा वाढवा, प्रत्येक राज्यात निदान एक कृषी विद्यापीठ काढा, राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के शिक्षणावर खर्च करा, अशा त्यांच्या शिफारशी होत्या. पहिल्या दोन काही अंशी पाळल्या गेल्या. तिसरीचे काय झाले ते आपण जाणतोच.

प्रत्येक राज्यात निदान एक! महाराष्ट्राचे ते एक कुठे व्हावे, यावरून १९६७ चा वणवा पेटला. भाऊसाहेब १९६५ सालीच गेले होते. राज्य मोठे. एकीकडे कालव्याचा ऊस, दुसरीकडे आभाळाकडे पाहणारा कापूस. पहिले विद्यापीठ १९६८ साली निघाले ते राहुरीला. वऱ्हाडच्या लोकांचे म्हणणे असे होते की, आमची जमीन वेगळी, पाऊस वेगळा, पीक वेगळे. उसाच्या पट्ट्यात बसून कोरडवाहू कापसाचे उत्तर निघायचे नाही. काहींना त्यात विदर्भाचे राजकारण दिसले आणि ते होतेही. पण शास्त्राच्या दृष्टीनेही हे म्हणणे बरोबर होते. शेतीचे विज्ञान कारखान्याच्या विज्ञानासारखे एका जागी सिद्ध करून सगळीकडे वापरता येत नाही. ज्या मातीत बी पेरायचे त्याच मातीत ते तपासावे लागते. अखेर वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्याला स्वतंत्र कृषी विद्यापीठ झाले. पुढच्याच वर्षी तिथे पदव्युत्तर शिक्षणाची संस्था सुरू झाली.

त्यातून काय मिळाले? तीन उदाहरणे देतो.

पहिले कापसाचे. संकरित कापसाचे पहिले वाण सुरतला १९७० साली निघाले. अकोल्याच्या संशोधकांनी पावसावरच्या शेतीला मानवेल असे संकरित वाण तयार केले, तेच 'पीकेव्ही हायब्रीड २'. मादी झाडाच्या फुलातले पुंकेसर हाताने काढायचे, दुसऱ्या दिवशी नर झाडाचे परागकण त्यावर लावायचे, असे हे काम फुलागणिक करावे लागते. प्रयोगशाळेतली कल्पना प्रत्यक्ष बियाणे होते ती शेतमजूर बायांच्या बोटांनी. हे वाण वऱ्हाडात वर्षानुवर्षे चालले आणि ते लोकांपर्यंत पोहोचवायला १९७६ साली स्थापन झालेले महाबीज अकोल्यातच होते.

दुसरे डाळीचे. तूर आपली, पण डाळ करण्याचा नफा मोठ्या गिरणीवाल्याचा. अकोल्याच्या कृषी अभियंत्यांनी 'पीकेव्ही मिनी दाल मिल' तयार केली. खरबरीत रोलरवर टरफल काढायचे, तेलपाण्याचा हात देऊन वाळवायचे आणि मग दाणा दुभंगायचा, हीच क्रिया त्यांनी गावातल्या एका खोलीत मावेल एवढ्या यंत्रात बसवली. आज बचत गटांच्या बाया ती चालवतात.

तिसरे संत्र्याचे. नाव नागपूरचे, पण बागा वरूड, मोर्शी, अचलपूर, चांदूरबाजारच्या. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. बुंध्याला पाणी लागले की बुरशी शिरते, डिंक्या होतो, झाड हळूहळू वाळते. त्यावर झाडाभोवती दोन आळी करा, पाणी बाहेरच्या आळ्यात द्या, बुंध्याला बोर्डोमलम लावा, ही शिफारस झाली. ऐकायला किती सोपे! पण बुरशी नेमकी कोणती आणि ती शिरते कुठून, हे कोणीतरी सूक्ष्मदर्शकाखाली वर्षानुवर्षे पाहिले तेव्हा ते सोपे झाले. चांगल्या संशोधनाचे लक्षण हेच की शेवटी ते शेतकऱ्याला एका वाक्यात सांगता येते.

पण सगळेच प्रश्न असे एका वाक्यात आलेले नाहीत. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा घ्या. विहीर खोदावी तर पाणी खारे. ते पिकाला दिले की त्यातले सोडियम मातीच्या कणांना चिकटते, मातीची घडण मोडते, वरचे पाणी खाली मुरत नाही. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात दगड. जिप्सम टाकले तर त्यातले कॅल्शियम सोडियमची जागा घेते. पण सुटलेले सोडियम वाहून जायला निचरा हवा आणि तो तर इथे मुळातच कमी. म्हणून चर काढायचे, शेततळ्यात पावसाचे गोड पाणी धरायचे, हिरवळीचे खत गाडायचे, असे एकाला एक जोडून उपाय करावे लागतात. माणसांनाही हेच पाणी प्यावे लागले. त्या पट्ट्यात मूत्रपिंडाच्या आजाराची घरे लोक बोट दाखवून सांगतात. आता हा प्रश्न कोणत्या खात्याचा? मृदाशास्त्राचा, रसायनशास्त्राचा, भूगर्भशास्त्राचा की वैद्यकाचा? परदेशातून त्याचे तयार उत्तर येणार नाही. ते इथल्याच एम. एस्सी., एम. टेक., एम. डी.च्या मुलांनी एकत्र बसून काढायचे आहे. देशाचा विकास म्हणतात तो या पट्ट्यापुरता तरी एवढाच आहे: गोड पाणी आणि जिवंत माती.

कृषी विद्यापीठाची शिवार फेरी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. ऑक्टोबरमध्ये शेतकरी गाड्या करून येतात, प्रयोगाचे वाफे पाहतात. एकदा तिथे एक म्हातारे शेतकरी एका विद्यार्थ्याजवळ उभे होते. तो मुलगा पाण्याच्या तपासणीचा तक्ता समजावत होता. म्हातारबाबांनी विचारले, "बापू, हे ईसी ईसी म्हन्तं ते काय व्हय गा?" मुलगा थबकला आणि म्हणाला, "काका, पाण्यात मीठ किती हाय, त्याचं माप." म्हातारबाबा हसले. "मंग तसं सांग ना राजा! मले तं जिभेवरच समजते, पन माप ठाऊक नव्हतं."

मला त्या दोघांचेही कौतुक वाटले. एकाजवळ जिभेवरची ओळख, दुसऱ्याजवळ माप. दोन्ही एकत्र आली तेव्हा कुठे बोलणे पुढे सरकले. पण तो मुलगा उद्या आपला प्रबंध लिहील तो इंग्रजीत. वऱ्हाडच्या मातीवर, वऱ्हाडच्या पैशाने केलेले संशोधन वऱ्हाडच्या शेतकऱ्याला वाचता येणार नाही अशा भाषेत कपाटात जाऊन बसते. इंग्रजीला माझा विरोध नाही. जगाशी बोलायला ती लागतेच. आमच्या घरात उर्दू, अंगणात वऱ्हाडी, शाळेत प्रमाण मराठी, अशा तीन भाषांत मी वाढलो. एका भाषेने दुसरीला हाकलावे असे मला कधी वाटले नाही. माझे मागणे इतकेच आहे की प्रत्येक पदव्युत्तर प्रबंधाला दहा पानांचा मराठी सारांश असावा आणि तो ज्या गावच्या शेतात प्रयोग झाला त्या गावच्या ग्रामपंचायतीत ठेवला जावा. हे काम अवघड नाही. त्यासाठी कोट्यवधी रुपयेही लागत नाहीत.

विद्यापीठाचे संशोधन मागे पडले की काय होते, तेही आपण पाहिले. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. खासगी कंपन्यांची संकरित वाणे बाजारात आली आणि पाहता पाहता विद्यापीठाची वाणे दुकानातून नाहीशी झाली. आपल्याच 'हायब्रीड २' मध्ये बीटीचा गुण आणून महाबीजमार्फत ते पुन्हा शेतकऱ्याला द्यायला सुमारे दीड दशक लागले. तोवर गुलाबी बोंडअळीने त्या गुणालाही दाद देणे सोडले होते. मधल्या काळात शेतकऱ्यांच्या आत्महत्या झाल्या, २००६ साली पंतप्रधानांचे विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज आले, समित्या आल्या नि गेल्या. आत्महत्यांचे कारण एकटे बियाणे नव्हते. कर्ज होते, भाव होता, पाऊस होता. पण जेव्हा शेतकऱ्याला दुसरे बियाणे हवे होते तेव्हा ते आपल्या विद्यापीठाच्या हातात नव्हते, हे नाकारता येत नाही. अमरावतीच्या संशोधन केंद्राने सोयाबीनची नवी वाणे दिली, तेव्हा थोडा धीर आला.

अमरावती विद्यापीठाचाही उल्लेख केला पाहिजे. १ मे १९८३ रोजी ते नागपूरपासून वेगळे झाले. डॉ. के. जी. देशमुख पहिले कुलगुरू. २००५ साली त्याला संत गाडगेबाबांचे नाव मिळाले. पदवी तर सोडाच, बाबांना अक्षरओळखही नव्हती. पण पोराला शिकवा, हे कीर्तनातून त्यांच्याइतके कळकळीने कोणी सांगितले नाही. हे विद्यापीठ जवळ आल्याचा सर्वांत मोठा फायदा मुलींना झाला. अचलपूर, बाळापूर, अकोट, कारंजा अशा गावांतल्या ज्या घरांतून मुलीला नागपूर-पुण्याला ठेवायची हिंमत किंवा ऐपत नव्हती, त्या घरांतल्या मुली सकाळच्या एसटीने जाऊन संध्याकाळी परत येऊ लागल्या. आमच्या समाजातल्या कितीतरी मुली रसायनशास्त्रात, प्राणिशास्त्रात एम. एस्सी. झाल्या त्या अंतर कमी झाले म्हणून. शिक्षणाचा प्रसार मोजताना लोक इमारती मोजतात. मी मात्र एसटीत बसलेल्या मुली मोजतो.

आता आजची स्थिती. प्राध्यापकांच्या आणि संशोधकांच्या अनेक जागा वर्षानुवर्षे रिकाम्या राहतात. एक मार्गदर्शक किती मुलांकडे पाहणार? दुसरे असे की, पदव्युत्तर वर्गातली हुशार मुले प्रयोगाच्या वाफ्यापेक्षा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत जास्त दिसतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. संशोधकाच्या नोकरीची जाहिरात निघत नसेल तर मुलाने वाट तरी कशाची पाहावी? पण वनस्पतीच्या रोगावर दोन वर्षे अभ्यास केलेला मुलगा शेवटी दुसऱ्याच खात्यात फायली पाहू लागला, तर त्याच्या शिक्षणावरचा देशाचा खर्च कुठे गेला, हा हिशेब कोणीतरी मांडायला हवा.

पदवीच्या शेवटच्या वर्षी कृषीचे विद्यार्थी गावात राहून अनुभव घेतात. तशीच एका हंगामाची सक्ती पदव्युत्तर विद्यार्थ्यालाही असावी. त्याने प्रबंधाचा विषय मार्गदर्शकाच्या जुन्या यादीतून न घेता गावातून आणावा. तेल्हाऱ्याच्या खाऱ्या विहिरीवर, वरूडच्या वाळलेल्या संत्र्यावर, अकोटच्या केळीवर.

आणि आपण काय करावे? कापूस पणनाच्या भावासाठी आपण मोर्चे काढतो, पाण्यासाठी काढतो. मात्र विद्यापीठातल्या रिकाम्या जागांसाठी मोर्चा निघाल्याचे मला आठवत नाही. १९६७ साली ज्यांनी विद्यापीठ मागितले, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरात तेव्हा कोणी मॅट्रिकही नसेल. तरी त्यांना कळले होते की हे आपल्या कामाचे आहे. येत्या ऑक्टोबरात शिवार फेरीला जरूर जा. जाताना आपल्या विहिरीचे पाणी बाटलीत आणि शेतातली माती पिशवीत घेऊन जा, आणि तिथल्या मुलाला विचारा: "याचं काय करू, सांग ना बापू."

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)